आपोआप वाढणारे पैसे, वाट पाहणारे पैसे

दर महिन्याच्या शेवटी शिमल्याहून एक आकडा निघतो. केंद्र सरकारच्या श्रम ब्यूरोची कचेरी तिथे आहे. देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांमधल्या ३१७ बाजारांत त्या महिन्यात तांदूळ, तूरडाळ, औषधं, बसचं तिकीट, घरभाडं यांचे भाव काय होते, ते गोळा करून हा आकडा काढतात. या केंद्रांत आपलं सोलापूर आहे, नागपूर, पुणे, मुंबईही आहे. वर्तमानपत्रात तो आतल्या पानावर दोन ओळींत उरकतो. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर मात्र त्याच संध्याकाळी हिशेब सुरू होतात. सोलापूरच्या मंडईत वांगी महागली की त्याचा एक बारीकसा अंश सहा-आठ महिन्यांनी दिल्लीतल्या एखाद्या निवृत्त उपसचिवाच्या पेन्शनमध्ये उतरतो. सोलापुरातच विडी कारखान्यात आयुष्य काढलेल्या बाईच्या पेन्शनमध्ये तो उतरत नाही, जरी हा निर्देशांक औद्योगिक कामगारांच्या नावाने, त्यांच्या खर्चावरून काढलेला असला तरी.

वृद्धांच्या हाती येणाऱ्या पैशांविषयी दरवर्षी बरंच छापून येतं. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी ‘ज्येष्ठांना दिलासा’ असा मथळा ठरलेलाच असतो. पण रक्कम किती वाढली यापेक्षा ती कशाने वाढली, हे पाहिलं तर चित्र अधिक स्पष्ट होतं. काही रकमा नियमाने वाढतात. महागाई वाढली की कुणालाही न विचारता. काही एकदा ठरल्या की जन्मभर तेवढ्याच. आणि काही रकमा कुणीतरी घोषणा करेपर्यंत जागच्या हलत नाहीत. एकाच गल्लीत राहणारी, एकाच दुकानातून डाळ घेणारी तीन माणसं या तीन वेगळ्या वाटांवर असू शकतात.

पहिली वाट केंद्र सरकारच्या निवृत्तांची. नोकरीत असताना ज्याला महागाई भत्ता म्हणतात, तोच निवृत्तीनंतर महागाई सवलत म्हणून मिळतो. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून, तो नव्याने ठरतो. सूत्र साधं आहे. मागच्या बारा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी काढायची आणि ती २६१.४२ या पायापेक्षा किती टक्के वर आहे ते पाहायचं. अपूर्णांक सोडून द्यायचा. निर्देशांकाची मालिका मध्ये बदलली, म्हणून नव्या आकड्याला आधी २.८८ ने गुणायचं, एवढीच काय ती कटकट. जुलै २०२४ मध्ये ही सवलत ५३ टक्के होती, जानेवारी २०२५ मध्ये ५५ आणि जुलै २०२५ मध्ये ५८. केंद्रात किमान मूळ पेन्शन ९,००० रुपये आहे. ५८ टक्क्यांनी ५,२२० रुपये त्यात मिळवले की १४,२२० होतात. निर्णय मंत्रिमंडळ घेतं, तोही बहुधा होळी आणि दिवाळीच्या आसपास, मागच्या महिन्यांच्या थकबाकीसह. त्यामुळे तो सणाची भेट असल्यासारखा जाहीर होतो. प्रत्यक्षात आकडा सरकारच्या मनावर नसतो, गणितावर असतो. महाराष्ट्र सरकारचे निवृत्तही याच दराने जातात, फक्त काही महिने मागून.

मात्र हा नियमसुद्धा थांबवता येतो. कोविडच्या काळात जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते केंद्राने गोठवले. दीड वर्ष दर १७ टक्क्यांवरच राहिला आणि जुलै २०२१ मध्ये एकदम २८ झाला. मधल्या अठरा महिन्यांचा फरक दिला नाही, आणि देणार नाही हेही सरकारने स्पष्ट सांगितलं. यातून सरकारचे ३४,४०२ कोटी रुपये वाचले. निवृत्तांच्या संघटना ती थकबाकी आजही मागतात. मला या प्रसंगातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: गोठवण उठल्यावर दर जिथे असायला हवा होता तिथे आपसूक येऊन बसला. गोठवलेले तीन हप्ते (४, ३ आणि ४ टक्के) पुढच्या हिशेबात धरले गेले. नियम असण्याचा खरा फायदा हाच. मोडला तरी त्याने परत कुठे यायचं हे ठरलेलं असतं.

वयाचीही वाढ आहे. केंद्राच्या निवृत्ताला ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला शंभर टक्के. राज्यांचे दर आणि नियम वेगळे. इथे एक व्यवहारातली अडचण सांगायलाच हवी. वडील गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं, पण जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आईची जन्मतारीखच नसते. बँकेच्या संगणकाला ती ऐंशीची झाली हे कळणार कसं? घरात अशी आजी असेल तर पीपीओ काढून ती नोंद तपासा. तसंच पेन्शनचा काही भाग निवृत्तीच्या वेळी विकलेला, म्हणजे एकरकमी घेतलेला असेल, तर पंधरा वर्षांनी तो पूर्ववत व्हायला हवा. बहुतेक वेळा तो होतो. पण तारीख आपल्या लक्षात असलेली बरी.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मंजूर झाली. अध्यक्ष आहेत न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. अहवालाला अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर ‘किती पट’ याच्या अफवा चालूच राहतील, म्हणून मागचा हिशेब आठवून ठेवावा. सातव्या आयोगात २.५७ पट वाढ झाली असं सगळे सांगतात. पण त्या वेळी महागाई भत्ता १२५ टक्क्यांवर होता. म्हणजे मूळ पगार आणि भत्ता मिळून २.२५ पट रक्कम आधीच हातात येत होती. खरी वाढ निघते ती चौदा टक्क्यांच्या आसपास. उरलेलं म्हणजे आधीच मिळत असलेल्या भत्त्याला मूळ पेन्शनमध्ये घातलं, इतकंच.

या मंडळींना एक चिंताही आहे, आणि ती अगदी निराधार नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पाच जणांच्या पीठावर होते. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन नाकारलं होतं. निव्वळ तारखेवरून असा भेद करता येणार नाही, आणि पेन्शन ही सरकारच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. पेन्शनर १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात तो याचमुळे. २०२५ च्या वित्त कायद्याने मात्र निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा अधिकार सरकारकडे असल्याचं कायद्यात लिहून ठेवलं आहे. महागाई सवलतीला त्याने धक्का लागत नाही. नव्या आयोगाच्या वाढीत जुन्यांना किती वाटा, हा प्रश्न त्यामुळे उघडा राहतो.

आता दुसऱ्या वाटेवरची माणसं. कारखाना, सहकारी साखर कारखाना, एसटी, दूध संघ, खासगी कंपनी, वर्तमानपत्राचा छापखाना अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांना भविष्य निर्वाह निधीबरोबर पेन्शन मिळतं ते १९९५ च्या योजनेतून. ‘ईपीएस पंचाण्णव’ या नावानेच ती ओळखली जाते. १६ नोव्हेंबर १९९५ ला ती सुरू झाली. मालकाच्या वर्गणीतले ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के यात जातात, पण तेही १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेपर्यंतच. पेन्शन काढायचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार मर्यादेएवढा आणि सेवा पुरी ३५ वर्षांची धरली तरी उत्तर ७,५०० रुपये येतं. प्रत्यक्षात फार थोड्यांची सेवा या योजनेत इतकी भरते. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरलं. पगाराची १५,००० ची मर्यादाही त्याच दिवसाची.

यात महागाईचा धागाच नाही. पहिल्या महिन्यात जे मिळालं तेच पुढे मिळत राहतं. ज्या महिन्यात हजार रुपये ठरले, त्या वेळी केंद्राचा महागाई भत्ता १०७ टक्के होता. नंतर तो १२५ वर गेला, मूळ पगारात विलीन झाला, पुन्हा शून्यापासून सुरू होऊन ५८ वर आला. हीच चढण हजार रुपयांना लावून पाहिली, तर जुलै २०२५ मध्ये ते १,७१७ रुपये व्हायला हवे होते. हा कुठल्या समितीचा आकडा नाही. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही काढता येईल. किमान पेन्शन ७,५०० रुपये आणि वर महागाई भत्ता मिळावा यासाठी या पेन्शनरांचं आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्याचा एक मोठा जोर बुलढाण्यातून आलेला आहे. ७,५०० चं काय व्हायचं ते होवो. पण मला विचाराल तर त्या मागणीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. उद्या ७,५०० मिळाले आणि महागाईचा धागा नसला, तर दहा वर्षांनी पुन्हा उपोषणाचा मांडव घालावा लागेल.

याहून खाली उतरलं की तिसरी वाट, ‘निराधारचे पैसे’ लागतात. गावात संजय गांधी निराधार अनुदान काय आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन काय, दोन्हींना लोक हेच म्हणतात. श्रावणबाळ योजना ६५ वर्षांवरच्यांसाठी आहे. बराच काळ महिना ६०० रुपये होते, २०१९ मध्ये १,००० झाले, २०२३ मध्ये १,५००. दोन्ही वेळा निवडणूक फार लांब नव्हती, हे लक्षात येतंच. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलं तर यातले २०० रुपये केंद्राचे. केंद्राची वृद्धापकाळ योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा ७५ रुपये मिळायचे. पुढे २०० झाले, ऐंशीच्या पुढच्यांना ५००, आणि मग आकडा तिथेच बसला. २०११ पासून जरी महागाई भत्त्याच्या दराने धरलं तरी २०० चे जुलै २०२५ मध्ये ४७० व्हायला हवे होते.

रकमेपेक्षा मला अटीचं नवल वाटतं. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. महिन्याला १,७५० रुपये, तेही एका माणसाचे नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे. रोजगार हमीवर कुणी वर्षातून शंभर दिवस गेलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग तलाठ्याच्या दाखल्यावर काय लिहिलं जातं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. आता श्रावणबाळच्या शेजारी राज्याचीच, स्त्रियांसाठीची लाडकी बहीण योजना ठेवून पाहा. रक्कम तीच, १,५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. आणि वयाची अट २१ ते ६५. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी ज्या बाईला पैसे मिळत होते, ती पासष्ट ओलांडल्यावर त्या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात उभी राहते. तिथे तिला सांगतात, तुमच्या घरचं उत्पन्न २१,००० च्या वर आहे. गरज वाढण्याच्या वयात मर्यादा बारा पटीने खाली येते. हे कुणी मुद्दाम केलेलं नसावं. दोन योजना वेगवेगळ्या काळात, वेगळ्या निकडीतून जन्मल्या आणि कुणी त्यांना एका टेबलावर मांडून पाहिलं नाही. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत साठीनंतर महिना २,००० रुपये मिळतात; तिथेही रक्कम ठरते ती घोषणेनेच.

सवलतींचीही हीच तऱ्हा. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट, ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट. रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ पुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि परत आली नाही. घोषणेने येतं ते घोषणेने जातं. कधी घोषणेशिवायही.

परदेशात असं नाही, अशी एक समजूत असते. ब्रिटनचं उदाहरण त्यासाठी नेहमी दिलं जातं आणि ते खरोखर पाहण्यासारखं आहे. २०११ पासून तिथे सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठ्या आकड्याने वाढतं: पगारवाढीचा दर, सप्टेंबरमधला महागाईचा दर, किंवा अडीच टक्के. तिथे याला ‘ट्रिपल लॉक’ म्हणतात. २०२२ साली एका वर्षापुरता पगाराचा आकडा त्यातून वगळला आणि वाढ ३.१ टक्के दिली. महासाथीनंतर लोक कामावर परतले तेव्हा पगारांचा आकडा अवास्तव फुगला होता, म्हणून. पुढच्या एप्रिलमध्ये १०.१ टक्के, मग ८.५, मग ४.१, आणि एप्रिल २०२६ साठी ४.८ टक्के. पूर्ण नवं पेन्शन आठवड्याला २४१.३० पौंड झालं. वर्षाचे होतात साधारण १२,५४८ पौंड.

आणि करमुक्त उत्पन्नाची मर्यादा? १२,५७० पौंड. ती एप्रिल २०२१ पासून हललेली नाही आणि २०३१ पर्यंत हलणार नाही असं ठरलं आहे. म्हणजे एका हाताने पेन्शन नियमाने वाढतंय आणि दुसऱ्या हाताने मर्यादा जागेवर धरून ठेवली आहे. दोघांत बावीस पौंडांचं अंतर उरलं आहे. पुढच्या वर्षी किमान अडीच टक्के वाढ झाली की निव्वळ सरकारी पेन्शनवर जगणारा माणूसही कागदोपत्री करदाता होईल. अशांकडून किरकोळ कर गोळा करणार नाही, असं तिथल्या सरकारने म्हटलं आहे. कायदा काय म्हणतो ते आणि सरकार काय म्हणतं ते, यांत तिथेही अंतर पडतं तर. पूर्वी तिथे वृद्धांना वेगळी, जास्त करमुक्त मर्यादा होती. ती २०१३ मध्ये गोठवली आणि काही वर्षांत संपवली. ऐंशी वर्षं पूर्ण झाल्यावर पेन्शनमध्ये आठवड्याला २५ पेन्सची भर पडते. ही रक्कम १९७१ ची. नाताळचा बोनस दहा पौंड, तो १९७२ चा. दोन्हींत आजतागायत एका पेनीची वाढ नाही. विसरलेल्या रकमा विलायतेतही असतात.

आपल्याकडच्या काही घरांना यातली आणखी एक गोष्ट थेट लागू पडते. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-पुण्याहून विलायतेत गेलेले डॉक्टर, परिचारिका, इंजिनिअर यांच्यापैकी कुणी निवृत्तीनंतर परत आले. भारतात राहायला आलेल्या माणसाचं ब्रिटिश पेन्शन आहे त्या आकड्यावर गोठतं. अमेरिकेत स्थायिक झाला तर दरवर्षी वाढ मिळते. भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नाही. ब्रिटनचा त्या त्या देशाशी करार आहे की नाही, यावर ते अवलंबून. चार लाखांहून अधिक पेन्शनर जगभर असे अडकले आहेत. मुलाकडे लंडनला काही महिने राहायला गेलं तर तेवढ्या काळापुरता चालू दर मिळतो आणि परतल्यावर आकडा पुन्हा खाली. परतायचा बेत असलेल्यांनी हे आधी ठाऊक करून घ्यावं.

करमुक्त मर्यादेचा हा खेळ आपल्याकडेही चालतो आणि तो पेन्शनपेक्षा कमी दिसतो. जुन्या करपद्धतीत साठीपुढे ३ लाख आणि ऐंशीपुढे ५ लाखांपर्यंत कर नाही. ऐंशीपुढचा गट २०११ च्या अर्थसंकल्पात प्रथम केला गेला आणि त्याच वेळी ५ लाख ठरले. साठीवाल्यांचे ३ लाख २०१४ चे. दोन्ही आकडे तिथेच आहेत. २०११ चे ५ लाख महागाई भत्त्याच्या गतीने वाढले असते तर २०२५ मध्ये पावणेबारा लाखांच्या आसपास गेले असते. योगायोग असा की नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर पडत नाही. पेन्शनरांना वर ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे, म्हणून पावणेतेरा लाख. तेव्हा नव्या पद्धतीने ऐंशीच्या आजोबांना काही वेगळं दिलं असं म्हणता येत नाही. मागे राहून गेलेलं भरून निघालं, तेही तिशीतल्या नातवाबरोबर, कारण नव्या पद्धतीत वयाला कसलाच मान नाही. आता हीच पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

या बारा लाखांविषयी दोन गैरसमज इतके पसरलेत की त्यावर थोडं थांबायला हवं. पहिला असा की बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं, वरच्यावरच कर. तसं नाही. कराचे टप्पे ४ लाखांनंतर सुरू होतात. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर आलेला कर माफ होतो, एवढंच. समजा, एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचं वर्षाचं पेन्शन साडेअकरा लाख आणि ठेवींचं व्याज दोन लाख आहे. ७५,००० वजा जाता करपात्र राहतात पावणेतेरा लाख. माफी गेली. कर ७१,२५०, आणि चार टक्के उपकर धरून ७४,१००. उंबरठ्याच्या अगदी जवळ असलेल्यांना थोडी सूट मिळते, यांना तीही नाही. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर वेगळ्या दराने लागणारा करही या माफीत बसत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईंना ७५,००० ची वजावट मिळत नाही. त्यांची रक्कम ‘इतर उत्पन्नात’ धरली जाते आणि नव्या पद्धतीत वजावट २५,००० पर्यंतच.

दुसरा गैरसमज व्याजाचा. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएस कापण्याची मर्यादा ५०,००० वरून एक लाख झाली. त्याचा अर्थ ‘लाखभर व्याज माफ’ असा सर्रास लावला गेला. बँकेने कापायचं की नाही याची ही मर्यादा आहे. व्याज उत्पन्नात दाखवावं लागतंच. खरी वजावट वेगळी, ५०,००० ची, २०१८ मध्ये आलेली, आणि ती जुन्या पद्धतीतच मिळते. उलट बाजूने, पाच लाख पेन्शन आणि तीन लाख व्याज असणाऱ्या माणसाला एक पैशाचा कर नसतो, पण कर लागत नसल्याच्या घोषणेचा फॉर्म (१९६१ च्या कायद्यातला पंधरा-एच) त्याने एप्रिलमध्ये दिला नाही तर बँक तीस हजार कापून मोकळी होते. मग विवरणपत्र भरायचं आणि परताव्याची वाट पाहायची. फॉर्म दरवर्षी आणि प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू होतो. कलमांचे पाठ झालेले आकडे त्यात बदलले आहेत, तेव्हा जुन्या कात्रणांवर विसंबू नये. पंचाहत्तरीपुढच्या ज्यांचं पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत आहे आणि दुसरं काही उत्पन्न नाही, त्यांना घोषणापत्र देऊन विवरणपत्रातून सुटका मिळण्याची सोय २०२१ पासून आहे. बँकेच्या खिडकीवर ती आपणहून कुणी सांगेल अशी अपेक्षा करू नका.

व्याजाचे दर तर तीन-तीन महिन्यांनी ठरतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ मध्ये नऊ टक्क्यांनी सुरू झाली, २०२० ते २०२२ या काळात ७.४ वर होती, एप्रिल २०२३ पासून ८.२ आहे. त्याच महिन्यापासून ठेवीची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. पूर्ण तीस लाख ठेवले तर तिमाहीला ६१,५०० रुपये हाती येतात. पैसे ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं टिकतो, हे या योजनेतलं मोठं सुख. नाहीतर ३१ मार्च २०२१ ची रात्र आठवा. अल्पबचतीचे दर कमी केल्याचा आदेश निघाला. ज्येष्ठांच्या योजनेचा दर ७.४ वरून ६.५. सकाळी अर्थमंत्र्यांनी ट्वीट करून तो अनवधानाने निघाल्याचं सांगितलं आणि मागे घेतला. तारीख १ एप्रिल होती. त्या दिवसांत काही राज्यांत मतदान चालू होतं. अनेकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. जोडू नयेत असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही.

आता नोव्हेंबरचं काम. हयातीचा दाखला दिला नाही तर डिसेंबरपासून सरकारी पेन्शन थांबतं. दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होतं, पण मधले महिने औषधाच्या दुकानात उधारी चालेलच असं नाही. केंद्राच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही. कोणत्याही महिन्यात द्या, तिथून वर्षभर चालतो. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ ची आहे. पण ज्यांनी उभा जन्म शेतात किंवा भांडी घासण्यात काढला त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, आणि मोतीबिंदूमुळे डोळ्यांची ओळख न पटणाऱ्यांचीही त्यामुळे सोय झाली. स्मार्टफोन असलेला नातू जवळ हवा, एवढीच अट.

या सगळ्यात पुढच्या पिढीचं काय लिहिलं जातंय, तेही पाहून ठेवायला हवं. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत आलेल्यांना जुनं पेन्शन नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच झाला होता. केंद्राने एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत योजनेत पंचवीस वर्षं सेवा झालेल्यांना शेवटच्या वर्षातल्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन आणि वर महागाई सवलत मिळते. म्हणजे तो धागा परत जोडला गेला. असंघटितांसाठी २०१५ मध्ये अटल पेन्शन आलं. वय १८ ते ४०, साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये, आपण निवडू तेवढे. त्याच साली चाळिसाव्या वर्षी शिरलेल्यांना पहिला हप्ता २०३५ मध्ये मिळेल, अठराव्या वर्षी शिरलेल्यांना २०५७ मध्ये. रक्कम आजच कागदावर छापलेली आहे आणि त्यात महागाईचा कुठेही उल्लेख नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर २०५७ मधले ते पाच हजार २०१५ च्या ६४४ रुपयांएवढे भरतील.